शंभर पिल्लांची ऊब: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ब्रूडर कसा लावायचा

खुडूक कोंबडी पिल्लांना ऊब कशी देते ते एकदा परड्यात बसून नीट बघा. पिल्लं तिच्या पंखाखाली शिरतात, अंग तापलं की बाहेर येतात, चार दाणे टिपतात, पाणी पितात आणि गार वाटलं की परत आत जातात. ती त्यांना कोंडून ठेवत नाही. ब्रूडर, म्हणजे कोंबडीशिवाय पिल्लांना ऊब देण्याची सोय, लावताना नेमकं हेच विसरलं जातं. दारं-खिडक्या ताडपत्रीनं गच्च बंद करून अख्खी खोली तापवली जाते. मग जास्त तापलं तर पिल्लाला पळायला जागा नसते आणि कमी पडलं तर ऊब कुठं आहे ते सापडत नाही. एकाच रिंगणात मध्ये ऊब आणि कडेला गारवा असायला हवा, म्हणजे पिल्लू आपली जागा आपण निवडतं.

एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. अंगातली उष्णता स्वतः सांभाळण्याची ताकद यायला दोन ते तीन आठवडे जातात. अंड्यातला बलक त्याच्या पोटात असतो आणि तो पहिल्या काही दिवसांत जिरायला हवा. पहिल्या दोन रात्री पिल्लू गारठलं तर बलक नीट जिरत नाही, तो नासतो, बेंबी सुजते आणि पिल्लू चौथ्या ते सहाव्या दिवशी मरतं. चौथ्या दिवशी मर दिसली की दोष हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राला, दिला जातो. कधी तो खराही असतो, पण बऱ्याचदा चूक पहिल्या रात्रीची असते.

पुढची सगळी मापं १०० पिल्लांसाठी आहेत. जात गिरीराजा, स्वर्णधारा, कावेरी, वनराजा असो किंवा गावरान, रचना एकच. ब्रॉयलर झपाट्यानं वाढतो, त्याला दुसऱ्या आठवड्यापासून जागा आणि खाद्य जास्त लागतं. पिल्लं ५०० असतील तर एक मोठं रिंगण करण्यापेक्षा अडीचशेची दोन करा, गर्दीत चेंगरून मरण्याचं प्रमाण कमी राहतं.

हंगाम आधी बघा

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १३-१४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, त्या दिवसांत ऊब चार ते पाच आठवडे द्यावी लागते. खानापूर आणि घाटाकडच्या गावांत जून ते सप्टेंबर थंडीपेक्षा ओल छळते. खाली अंथरलेलं तूस सुकत नाही, खाद्याला बुरशी धरते आणि वीज तासन् तास जाते. अथणी, चिकोडीकडं एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ३८-४० अंश असतात. तिथं दुपारी बल्ब बंद ठेवावा लागतो, पण पहाटे तो हवाच. घाटाकडं पहिल्यांदाच पिल्लं आणणाऱ्यानं पावसाळा सोडून ऑक्टोबरच्या सुमाराला सुरुवात करावी. भर पावसात शिकणं महाग पडतं.

खोली

साधारण १० बाय १० फुटांची, वरून न गळणारी कोणतीही खोली चालते. जनावरांच्या गोठ्याचा कोपरा चालेल, पण मोठ्या कोंबड्या त्याच छपराखाली नकोत. त्यांच्या अंगावरचे रोग त्यांना फारसे जाणवत नाहीत, पिल्लांना मात्र ते लगेच लागतात.

आधीची बॅच झाली असेल तर जुनं तूस पूर्ण काढा. जमीन खरवडा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा, वाळू द्या आणि भिंतींना जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चुना द्या. मग खोली १० ते १४ दिवस रिकामी ठेवा. रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत, ती मरतात कोरडेपणानं आणि आगीनं. फरशी किंवा सिमेंट असेल तर ब्लो लॅम्पची ज्योत जमिनीवरून आणि भिंतीच्या कडेनं सावकाश फिरवा. हे तूस टाकण्याच्या आधी, खोली पूर्ण मोकळी असताना करायचं.

घूस, उंदीर, मुंगूस आणि मांजर यांची वाट शोधा. दोन बोटं जाणारी फट म्हणजे उंदराचं दार. फटी सिमेंट आणि काचेच्या तुकड्यांनी बुजवा, खिडक्यांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारा. षट्कोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. तांबड्या मुंग्यांकडंही लक्ष द्या, अशक्त पिल्लाला त्या रात्रीत संपवतात. खोलीच्या बाहेरून भिंतीच्या बुडाशी मुंग्यांची पावडर टाका, आत कधीही नको.

रिंगण

कोपरा म्हणजे पिल्लाचा सापळा. घाबरली किंवा गारठली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून रिंगण गोलच हवं.

दीड फूट रुंद आणि ८ फूट लांब अशा साध्या पत्र्याच्या तीन पट्ट्या आणा. एकमेकींवर सरकवून त्यांचा १९ फूट घेराचा गोल करा आणि जोडावर कपड्यांचे चिमटे किंवा तार लावा. आतला व्यास ६ फूट येतो, जागा सुमारे २८ चौरस फूट मिळते, म्हणजे पिल्लामागं पाव चौरस फुटाहून थोडी जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पट्ट्या थोड्या थोड्या सैल करत जा. आठवड्याअखेर घेर २३ फूट झाला की जागा ४२ चौरस फूट होते. पत्रा परवडत नसेल तर बुरडाकडची बांबूची तट्टी घ्या आणि तिला आतून गोणपाट लावा. वारा अडतो, फटीत पाय अडकत नाहीत आणि खानापूर भागात ती सहज मिळते. जाड पुठ्ठाही चालतो, पण एकाच बॅचसाठी. नंतर तो जाळून टाका.

ऊब देणारी छत्री

हिशोब सोपा आहे: पिल्लामागं २ वॅट, म्हणजे शंभरांना २०० वॅट. थंडीत त्यावर आणखी ६० वॅट धरा. बल्ब जुन्या पद्धतीचे पिवळे, तार तापणारेच हवेत. एलईडी आणि सीएफएल उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. सध्या सर्वात जास्त होणारी चूक हीच आहे, कारण दुकानात मागितल्याशिवाय पिवळा बल्ब कोणी पुढं करत नाही.

दोनशे वॅटचा एकच बल्ब लावू नका. शंभरचे दोन आणि साठचा एक, तिन्हींना वेगळी बटणं. एक उडाला तरी दोन जळत राहतात आणि दुपारी ऊन तापलं की एक बंद करता येतो. होल्डर चिनी मातीचे घ्या. प्लास्टिकचा होल्डर चोवीस तासांच्या तापानं वितळतो आणि बल्ब तुसावर पडतो. शेड जळण्याचा हा सरळ रस्ता आहे. म्हणूनच छत्री वायरीवर टांगू नका. लोखंडी साखळी वापरा, आणि ती तुटलीच तर झेल म्हणून दुसरी जाड तार वाशाला वेगळी बांधून ठेवा.

छत्री पत्र्याची, साधारण तीन फूट रुंद. गोड्या तेलाचे १५ किलोचे दोन डबे कापून, सपाट करून जोडले तरी काम भागतं. धारदार कडा दुमडून घ्या. बांबूची बुट्टी उलटी टांगून आत बल्ब सोडण्याची पद्धत गावोगाव आहे. ती वापरायचीच असेल तर बल्ब आणि बांबू यांच्यात वीतभर अंतर ठेवा आणि आतून पत्रा मारा.

बल्ब तुसापासून दीड फुटावर ठेवून सुरुवात करा आणि थर्मामीटर बघून वर-खाली करा. थर्मामीटर भिंतीवर टांगून काही कळत नाही. त्याचा फुगा छत्रीच्या कडेखाली, तुसाच्या वर दोन इंच, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवा. पहिल्या आठवड्यात तिथं ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेल्सिअस) पाहिजे. रिंगणाच्या काठावर ते ८०-८५ भरलं तर तक्रार नाही, तो फरक आपणच ठेवलेला आहे.

अडीचशे वॅटचा इन्फ्रारेड दिवा एकटाच शंभर पिल्लांना पुरतो. तो दीड ते दोन फुटांवर टांगा आणि जोडीला शंभरचा पिवळा बल्ब ठेवा. तापलेल्या दिव्यावर पाण्याचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून पाण्याची भांडी त्याच्याखाली नकोत.

वीज गेली तर

याची तयारी पिल्लं यायच्या आधी हवी, अंधारात बॅटरी शोधताना नव्हे. घरी १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर दोनशे वॅट साधारण पाच ते सहा तास चालतात. त्याहून लांब वीज जाणाऱ्या गावात कोळशाची शेगडी लागतेच. कोळसा बाहेर अंगणात पेटवा आणि निळी ज्योत जाऊन निखारा लाल होईपर्यंत थांबा. मग लोखंडी घमेल्यात घेऊन वर राख पसरा आणि चार विटांवर, रिंगणाच्या मधोमध, भोवती जाळी लावून ठेवा. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद खोलीत तो पिल्लांना आणि माणसालाही मारतो. शेगडी आत असताना खिडकीच्या पडद्याची वरची फट उघडीच ठेवा आणि राखण करणाऱ्यानं त्या खोलीत झोपू नये. डोकं दुखायला लागलं तर आधी बाहेर पडा.

तास-दोन तासांपुरतं गरम पाण्याचं मडकंही भागवतं. तोंड घट्ट बंद करून ते गोणपाटात गुंडाळा आणि रिंगणात ठेवा. पिल्लं त्याला चिकटून बसतात.

पहिल्या रात्रीपासून रोज एक तास सगळे दिवे मुद्दाम बंद करा, पण शेजारी उभं राहून. ज्या पिल्लांनी अंधार बघितलेला नसतो ती वीज गेल्यावर बिथरतात आणि ढीग करतात. सवय झालेली पिल्लं खाली बसून राहतात. थंडीत हा तास दुपारी धरा आणि खिडक्यांना गोणपाट टाका.

तूस आणि कागद

भाताचं तूस सगळ्यात बरं. आपल्याकडं गिरणीवर ते मिळतं, पाणी शोषतं आणि हलकं असतं. दोन ते तीन इंच जाड पसरा. मूठभर तूस दाबून सोडलं की ते लगेच सुटायला हवं. गोळा राहिला तर ओलं आहे, उन्हात घाला. भुईमुगाची टरफलं चालतात, पण कुबट वासाची नकोत. साखर कारखान्याचं बगॅस फुकट मिळालं तरी पूर्ण वाळवल्याशिवाय वापरू नका. ते चटकन बुरशी धरतं, ती पिल्लांच्या फुप्फुसात जाते आणि मग ती तोंड उघडून धापा टाकतात. त्यावर औषध नाही.

पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद लागतो, नाहीतर पिल्लं तूसच खातात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद मात्र घातक ठरतो. पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि मग ते पिल्लू उभं राहत नाही. कागद चुरगळून उघडा किंवा नळीदार पुठ्ठ्याची खरबरीत बाजू वर ठेवा. रोज वरचा थर काढा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळा कागद उचला.

भांडी

पाण्याची दोन लिटरची दोन भांडी, खाद्याच्या दोन ताटल्या आणि पहिल्या दिवसासाठी अंड्यांचे दोन कागदी ट्रे. ती बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखी मांडा: एक पाणी, एक खाद्य, पुन्हा पाणी, पुन्हा खाद्य. सगळी छत्रीच्या कडेच्या थोडी बाहेर. बल्बच्या थेट खाली पाणी कोमट होऊन नासतं आणि खाद्य वाळतं. पाण्याच्या पन्हाळीत सुपारीएवढे खडे टाका, नाहीतर झोपाळू पिल्लू तोंड घालतं आणि बुडतं. आठवड्यानंतर भांडी विटेवर चढवा. काठ पिल्लाच्या पाठीच्या पातळीला असला की पाणी सांडत नाही आणि तूस कोरडं राहतं.

पिल्लं येतात

छत्री २४ तास आधी सुरू करा. हवा तासाभरात तापते, पण जमीन आणि तूस तापायला दिवस लागतो, आणि पिल्लाचे पाय जमिनीवर असतात. पाणीही आदल्या रात्री भरून खोलीत ठेवा, म्हणजे ते कोमट राहील.

बॉक्समध्ये चार कप्पे असतात, प्रत्येकात पंचवीस. कोल्हापूर किंवा हुबळीहून टेम्पोत येताना बॉक्सना थेट वारा लागू नये आणि त्यांच्यामध्ये चार बोटांची फट राहावी. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही. उतरवताना मोजा. एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच पाण्यात हलकेच बुडवा आणि छत्रीच्या कडेखाली सोडा. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढाच, कारण पाणी कुठं आहे हे काही पिल्लांना दाखवल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या सहा-आठ तासांच्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवा. गूळ आपल्याकडचाच, रसायन कमी घातलेला काळसर चांगला. त्याहून जास्त वेळ देऊ नका, पिल्लं पातळ हगतात आणि शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद होते. पाणी प्यायल्यावर तासा-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये पसरा. मका पहिल्या दिवसापुरताच, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. मोठ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य उरलेलं असेल तरी देऊ नका. अंड्याच्या कवचासाठी त्यात भरलेला चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. सुधारित गावरान शंभर पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ७-८ किलो खाद्य लागतं.

आठ तासांनी वेगवेगळ्या ठिकाणची वीस पिल्लं उचला आणि गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर खाणं-पिणं दोन्ही झालं. घट्ट असेल तर पाणी कमी पडलं. वीसपैकी सोळांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर उजेड वाढवा, भांडी जवळ आणा आणि पाय तपासा. पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर जमीन गार आहे, थर्मामीटर काहीही सांगो.

पिल्लांची भाषा

छत्रीखाली दाटी करून, एकमेकांवर चढून चढ्या आवाजात चिवचिवाट: गारठा, बल्ब खाली घ्या. सगळी काठाला, चोच उघडी, पंख सैल: ताप जास्त, बल्ब वर घ्या किंवा एक बंद करा. सगळी एकाच बाजूला गोळा: दुसऱ्या बाजूनं वारा घुसतो आहे, फट शोधा. रिंगणभर विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपली आहेत, आवाज समाधानी: काहीही हलवू नका.

ही फेरी रात्री अकराला आणि पहाटे चारला माराच. संध्याकाळी सातचं चित्र बघून झोपणाऱ्याला पहाटेचा गारठा कळत नाही, आणि ढीग पहाटेच होतात.

पडद्याचंही इथंच सांगायला हवं. पडदा खिडकीच्या बुडापासून वर चढवायचा आणि माथ्याशी फूटभर मोकळं सोडायचं. विष्ठेतून निघणारा अमोनिया त्या वाटेनं बाहेर जातो आणि वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही. तुसाजवळ उकिडवं बसून दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांचे केव्हाच चुरचुरताहेत. उभ्या माणसाला हे कळत नाही.

आठवड्यागणिक

दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी: दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात ८५, चौथ्यात ८०, थंडीत पाचव्यात ७५. दहाव्या ते चौदाव्या दिवशी रिंगण काढा आणि खोलीचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. तूस रोज सकाळी हातानं किंवा छोट्या दाताळ्यानं हलवा. भांड्याभोवतीचं ओलं तूस उचलून बाहेर टाका, त्यावर नवं पसरून झाकू नका. ओल आणि ऊब एकत्र आली की तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण उठते. पिल्लं आत असताना चुन्याची भुकटी उडवू नका, डोळे जातात.

मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो रोगाची बाराव्या ते चौदाव्या दिवशी. लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी दिली जाते, दिली का ते विचारून घ्या. लसीची बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच आणा आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवा. लस टोचलेल्या, म्हणजे थेंब दिलेल्या पिल्लांना त्या रात्री ऊब दोन-तीन अंश जास्त ठेवा. लस शक्यतो संध्याकाळी द्या, उन्हात नको.

मर आणि उपाय

पहिल्या आठवड्यात शंभरातली दोन-तीन पिल्लं जाणं नेहमीचं आहे. सलग दोन दिवस रोज दोनाहून जास्त मेली तर ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पोट उघडून बघितलं की बलक नासला आहे, फुप्फुसात गाठी आहेत की आतड्यात रक्त आहे हे तिथंच कळतं. दुकानदारानं दिलेलं अँटिबायोटिक सरसकट पाच दिवस पाण्यात घालण्याची सवय सोडा. गारठ्यानं मरणाऱ्या पिल्लाला त्याचा उपयोग नाही, आणि पुढं खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही.

शेपटीखाली विष्ठा चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढा, ओढू नका, कातडी फाटते. पाय फाकलेल्या पिल्लाचे दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीनं बोटभर अंतरावर जोडा आणि दोन-तीन दिवस वेगळं ठेवा. पहिल्या आठवड्यात केलं तर बहुतेक सुधारतात. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर फेकू नका. दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री रोग घरोघर नेतात.

ऊब बंद करताना आधी दुपारची बंद करा, मग संध्याकाळची, शेवटी पहाटेची. पाठीवर आणि छातीवर पिसं भरलेली दिसली आणि सलग तीन रात्री बल्बशिवाय पिल्लं न दाटता झोपली, की छत्री बंद करून वर ओढा. त्यानंतरचा आठवडाभर मात्र ती वाशालाच टांगलेली राहू द्या. घाटाकडून एखादी थंड, पावसाची रात्र आली तर ती पुन्हा खाली सोडायला पाच मिनिटं पुरतात.